अस्मान पाहण्याची विद्या

मार्गशीर्ष सरत आला की लोह्याहून माळेगावकडे जाणारा रस्ता माणसांनी भरून वाहू लागतो. वेळाअमावस्येच्या तोंडावर खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, घोंगड्यांची पालं, भंडाऱ्यानं पिवळी झालेली कपाळं, आणि एक अख्खा दिवस कुस्त्यांच्या दंगलीचा. मी लहान होतो तेव्हा वडिलांच्या खांद्यावर बसून कुस्त्या पाहायचो. डाव कळत नव्हते. पण एक क्षण कळायचा. दोन मल्ल कितीतरी वेळ मानेला मान लावून एकमेकांना रेटत असायचे, हलगी नुसती वाजत राहायची, आणि अचानक एकजण दुसऱ्याच्या खाली गेल्यासारखा व्हायचा. वरच्याचे पाय जमिनीवरून सुटायचे. त्या अर्ध्या सेकंदात हजारो माणसं श्वास घ्यायची विसरायची. मग पाठ मातीला लागल्याचा दबका आवाज, आणि त्यावर उसळलेला कल्ला.

आपल्याकडे याला चीतपट म्हणतात. हरलेल्याला अस्मान दाखवलं, असंही म्हणतात, आणि ते शब्दशः खरं असतं. उताणा पडलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार?

जपानी भाषेत याच क्षणासाठी एक शब्द आहे, इप्पोन. अर्थ साधारण ‘एक पूर्ण’. समोरच्याला जोरानं, वेगानं आणि आपल्या ताब्यात ठेवून पाठीवर टाकलं की पंच हात सरळ डोक्यावर नेतो आणि ओरडतो, इप्पोन! लढत तिथेच संपली. चार मिनिटांच्या लढतीतली चारच सेकंदं झालेली असोत, पुढचं काही खेळायचं उरत नाही. या खेळाचं नाव ज्युदो. आणि मला वाटतं, माळेगावच्या दंगलीत एकदा जरी उभं राहिलेल्या माणसाला ज्युदोचं मर्म कुणी शिकवायची गरज नाही.

तरी एक गैरसमज आधी दूर करायला हवा. आपण ‘ज्युदो-कराटे’ हा एकच शब्द असल्यासारखा उच्चारतो. क्लासच्या पाट्यांवरही तसंच लिहिलेलं असतं. खरं तर दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. कराटेत ठोसे आणि लाथा असतात. ज्युदोच्या स्पर्धेत ठोसाही चालत नाही आणि लाथही चालत नाही. पकडायचं, तोल मोडायचा, टाकायचं, आणि टाकल्यावर जमिनीवर दाबून धरायचं. कराटेपेक्षा ज्युदो आपल्या तालमीच्या कितीतरी जवळ आहे.

माझा भाचा नववीत असताना शालेय स्पर्धेसाठी ज्युदोला जाऊ लागला. महिन्यानं मी विचारलं, “काय शिकलास?” तो म्हणाला, “मामा, अजून नुसतं पडायलाच शिकवलंय.” मला हसू आलं. मग तो घरातल्या गादीवर उकिडवा बसला, हनुवटी छातीला टेकवली, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवली आणि मागे कलंडला. पाठ टेकता टेकता दोन्ही हात बाजूला पसरून तळव्यांनी गादीवर फाडकन मारलं. पुन्हा उठला, पुन्हा पडला. दहाएक वेळा. मला तेव्हा ते विचित्र वाटलं. आज वाटतं, माणसानं शोधलेल्या सुंदर युक्त्यांमध्ये ही एक आहे.

पाहा, पन्नास किलोचा मुलगा कंबरेच्या उंचीवरून पाठीवर येतो तेव्हा त्याच्या अंगात साधारण पाचशे ज्यूल ऊर्जा असते. सोयाबीनचा पन्नास किलोचा कट्टा कंबरेपर्यंत उचलून हातातून सोडून दिला, तर तो जेवढा आदळेल तेवढी. ती ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. आपण पडतो तेव्हा काय करतो? घाबरून हात मागे टेकवतो. सगळी ऊर्जा मनगटात जाते आणि मनगट मोडतं. बैलगाडीवरून, मोटारसायकलवरून, ओल्या फरशीवरून पडलेल्या किती माणसांनी असे हात मोडून घेतले असतील! पडायची कला शिकलेला माणूस उलट करतो. तो हात, पाठ, कुल्हा, मांडी असं मोठं क्षेत्र जवळजवळ एकाच वेळी जमिनीला देतो. तळव्यांचा फटका धक्क्याचा वाटा उचलतो, पाठ गोल असल्यामुळे आदळण्याचा क्षण थोडा लांबतो आणि छातीला टेकलेली हनुवटी डोकं जमिनीपासून वर ठेवते. जपानी लोक याला उकेमी म्हणतात. ‘अंगावर घेण्याची’ कला म्हणा हवं तर.

ही हनुवटीची गोष्ट हौसेची नाही. जपानच्या शाळांमध्ये १९८३ नंतरच्या तीन दशकांत ज्युदो करताना शंभराहून अधिक मुलांचे जीव गेले. त्यांतले बरेच डोक्याला मार लागून गेले. ज्या देशानं हा खेळ जगाला दिला, तिथली ही गोष्ट. म्हणून कुणी प्रशिक्षक पहिल्याच आठवड्यात पोरांना एकमेकांवर फेकायला लावत असेल, पातळ चटईवर किंवा नुसत्या फरशीवर शिकवत असेल, तर आईबापांनी मूल तिथून काढून घ्यावं. आणि जो महिनाभर नुसतं पडायला शिकवतो, त्याच्याकडे निर्धास्त ठेवावं.

हा खेळ ज्यानं घडवला त्याची गोष्ट मला फार आवडते. जिगोरो कानो १८६० मध्ये कोबे शहराजवळच्या मिकागे गावात जन्मला. घर साके ही तांदळाची दारू गाळणाऱ्यांचं. हा मुलगा तोक्योला शिकायला आला तो किडकिडीत, बुटका, जेमतेम पाच फूट दोन इंच उंच होणारा. वसतिगृहातली आडदांड पोरं त्याला बडवायची. त्यानं ऐकलं होतं की जुजुत्सू नावाची जुनी विद्या असते, तिनं लहान माणूस मोठ्याला लोळवतो. पण शिकवणार कोण? सामुराईंचा जमाना संपला होता. जपान आगगाड्या आणि तारायंत्रांच्या मागे लागला होता. जुजुत्सूचे वस्ताद पोटासाठी लोकांची मोडलेली हाडं बसवत होते. कानोला पहिला गुरू भेटला तो असाच, फुकुदा हाचिनोसुके नावाचा एक हाडवैद्य. मोडणारे हातच जोडणारे असतात, हे आपल्याकडच्या जुन्या तालमींनाही ठाऊक होतंच.

विद्यापीठातून बाहेर पडल्या पडल्या, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, कानोनं १८८२ मध्ये तोक्योतल्या एइशोजी नावाच्या बुद्धमंदिरात आपली शाळा काढली. जागा बारा चटयांची. विद्यार्थी नऊ. नाव ठेवलं कोदोकान. जुन्या विद्यांमधले जीवघेणे डाव त्यानं स्पर्धेतून बाजूला काढले, पूर्ण ताकदीनं सराव करता येईल असे डाव ठेवले, आणि नाव बदललं. जुजुत्सूतला ‘जुत्सू’ म्हणजे हुन्नर. त्याजागी त्यानं ‘दो’ आणला, म्हणजे वाट. आणि ‘जू’ म्हणजे मऊ, नमणारं.

नमणारं म्हणजे काय, हे तो आकडे देऊन समजवायचा. समज, समोरच्याची ताकद दहा आहे आणि तुझी सात. त्यानं तुला ढकललं आणि तूही ढकललंस, तर तू हरणार हे ठरलेलं आहे. पण त्यानं ढकलल्याबरोबर तू मागे सरकलास, त्याच्या ढकलण्याला वाट दिलीस, तर? त्याचा तोल पुढे जातो. तोल गेलेल्या माणसाची ताकद तेवढ्या क्षणापुरती तीनच उरते. तुझ्याकडे मात्र सात तशीच शिल्लक असते. आता निम्मी वापरलीस तरी पुरे. पुरात ताठ झाडं वाहून जातात आणि लव्हाळं उभं राहतं, ही गोष्ट मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. जपान्यांकडे तीच गोष्ट बर्फाच्या ओझ्याखाली वाकून ते झटकून टाकणाऱ्या विलोच्या फांद्यांची आहे. फरक एवढाच की कानोनं त्या गोष्टीचं शास्त्र केलं.

त्यानं प्रत्येक डावाचे तीन भाग पाडले. आधी तोल मोडायचा. मग आपली जागा घ्यायची. मग टाकायचं. पाहणाऱ्याला फक्त तिसरा भाग दिसतो, पण डाव ठरतो तो पहिल्यात. हे बघायचं असेल तर हंगामात मोंढ्यात जावं. कट्टे उचलणारा हमाल कधीही हातांनी कट्टा उचलून पाठीवर टाकत नाही. तो थप्पीवरचा कट्टा आधी आपल्याकडे झुकवतो. कट्टा पडेल असं वाटतं तेवढ्यात तो गुडघ्यात वाकून त्याच्या खाली शिरतो, पाठ लावतो आणि पाय सरळ करतो. कट्टा जणू आपणहून पाठीवर येतो. झुकवणं म्हणजे तोल मोडणं. वाकून शिरणं म्हणजे जागा घेणं. आता कट्ट्याच्या जागी माणूस आहे असं समजा आणि पाय सरळ करताना जरा पुढे वाका. झाला सेओई-नागे, ज्युदोतला सगळ्यात ओळखीचा डाव. समोरच्याची बाही आणि कॉलर धरून, त्याच्याकडे पाठ करून, आपली कंबर त्याच्या कंबरेच्या खाली नेऊन त्याला पाठीवरून पुढे टाकायचं. आपल्या तालमीत याच्या सख्ख्या भावाला धोबीपछाड म्हणतात. धोबी ओलं धोतर खांद्यावरून दगडावर आपटतो, तसा.

कंबर खाली का न्यायची? कारण माणसाचं वजन जणू एका बिंदूत साठवलेलं असतं, आणि उभ्या माणसात तो बिंदू बेंबीच्या थोडा खाली असतो. त्या बिंदूच्या खाली आपला टेकू गेला की समोरचा माणूस पहारीच्या टोकावरल्या दगडासारखा होतो. तो ऐंशी किलोचा असो की शंभर किलोचा, आता वजन त्याच्याविरुद्धच काम करतं.

कानोच्या आयुष्यातली एक गोष्ट तर मला वाटतं आपल्या प्रत्येक तालमीत सांगितली पाहिजे. तो स्वतः जुजुत्सू शिकत असताना त्याच्याबरोबर फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड विद्यार्थी होता. कानोचा कोणताच डाव त्याच्यावर चालेना. कानोनं सुमोचे डाव शिकून पाहिले, तेही फसले. शेवटी तो ग्रंथालयात जाऊन बसला आणि पाश्चात्त्य कुस्तीच्या पुस्तकात त्याला एक चित्र सापडलं. समोरच्याच्या काखेखालून डोकं घालायचं, एक हात त्याच्या मांडीला घालायचा आणि त्याला आडवा खांद्यावर घेऊन पलीकडे टाकायचं. त्यानं तो डाव सरावानं बसवला आणि फुकुशिमाला टाकलं. नाव ठेवलं काता-गुरुमा, खांद्यावरचं चाक. हे वर्णन वाचताच आपल्या मातीतला कुठलाही पठ्ठ्या म्हणेल, “अहो, ही तर कलाजंग!” आणि ती कलाजंगच आहे. जगाच्या एका टोकाला हिंदुस्थानी मल्ल पिढ्यान्‌पिढ्या तोच डाव टाकत होते, आणि दुसऱ्या टोकाला एक बुटका विद्यार्थी तो पुस्तकातून शोधत होता. माणसाच्या अंगाची हाडं सगळीकडे सारखी असली की डावही सारखेच सापडतात.

दोन विद्यांमधला मोठा फरक अंगावरच्या कपड्यात आहे. लंगोट लावून, हळद-तेल-ताक घातलेल्या लाल मातीत लढणाऱ्या मल्लाला पकडायला फक्त अंगच असतं, तेही घामानं निसरडं. ज्युदोपटू जाड विणीचा, कंबरेला पट्टा बांधलेला ज्युदोगी घालतो. त्यामुळे सगळा खेळ पकडीचा होऊन बसतो. एका हातात समोरच्याची बाही, दुसऱ्या हातात कॉलर. पहिली वीस-तीस सेकंदं दोघं एकमेकांचे हात झटकत राहतात. नवख्याला वाटतं, काहीच चाललेलं नाही. पण ज्याला हवी तशी पकड मिळाली, त्याची निम्मी लढत झालेली असते. बोटांची ताकद अशी लागते की स्पर्धेतल्या कित्येक खेळाडूंची बोटं पट्ट्या गुंडाळलेली दिसतात.

भाच्याची पहिली स्पर्धा तालुका पातळीवरची होती. घरी आला तो रडवेला. “मामा, म्या सरळ खाली शिरून पट काढला. पडला पण तो! तर पंचानं मलाच शिक्षा दिली.” त्याचा काहीच दोष नव्हता. आजोबांच्या मांडीवर बसून शिकलेला पट होता तो. पण ज्युदोत २०१० पासून पायाला हात घालण्यावर बंधनं आली आणि २०१३ पासून ते पूर्ण बंद झालं. आज उभ्यानं पायाला हात घातला तर शिदो मिळतो, म्हणजे शिक्षा. तीन शिदो झाले की लढत गेली. कानोची ती जुन्या पद्धतीची काता-गुरुमा, आपली कलाजंग, आज खुद्द ज्युदोच्या स्पर्धेत टाकता येत नाही. मला हा नियम मनापासून खटकतो. उभं राहून केलेले मोठे, देखणे डाव दिसावेत, खेळ साध्या कुस्तीपेक्षा वेगळा ओळखू यावा, असा त्यामागचा विचार आहे. तो समजतो. पण ज्या माणसानं ग्रंथालयात बसून डाव शोधला, त्याचाच डाव त्याच्या अंगणातून बाहेर गेला, हे काही बरं वाटत नाही.

बाकीचे नियम पाहणाऱ्याला पाच मिनिटांत कळतात. पाठीवर पूर्ण, जोरानं आणि ताब्यात टाकलं तर इप्पोन. त्यात थोडी कसर राहिली तर वाझा-आरी, आणि दोन वाझा-आरी मिळून एक इप्पोन. कुशीवर टाकलं तर २०२५ पासून पुन्हा सुरू झालेला छोटा गुण, युको. जमिनीवर पाठीवर दाबून २० सेकंद धरलं तरी इप्पोन, आणि गळा आवळून किंवा कोपर उलटं वाकवून समोरच्याला हार मानायला लावलं तरी इप्पोन. हार मानायची खूण म्हणजे दोनदा थोपटणं. चटईवर थोपटा, नाहीतर समोरच्याच्या अंगावर. थोपटल्याबरोबर पकड सुटते. चार मिनिटांत बरोबरी राहिली तर घड्याळ काढून टाकतात आणि पहिला गुण होईपर्यंत लढत चालते, मग ती कितीही लांबो. पुरुषांचे सात वजनगट ६० किलोपासून १०० किलोच्या वरपर्यंत, बायकांचे ४८ पासून ७८ च्या वरपर्यंत. सुरुवातीला आणि शेवटी वाकून नमस्कार. तो चुकला तर खेळाडूला परत बोलावून करायला लावतात.

आता हेलसिंकीकडे येऊ, कारण आपल्या मातीची आणि जपानी चटईची खरी गाठ तिथे पडली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात कुस्ती खेळले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, हे शाळेत सगळे शिकतात. फार कमी लोकांना ठाऊक असतं ते हे की त्या गटात सुवर्णपदक जिंकणारा आणि खाशाबांना हरवणारा शोहाची इशी मूळचा ज्युदोचा होता. युद्ध हरल्यावर अमेरिकी ताब्यातल्या जपानमध्ये शाळांमधून ज्युदोवर बंदी आली आणि ज्युदोचे कित्येक खेळाडू कुस्तीकडे वळले. इशी त्यांच्यातलाच एक. त्या ऑलिंपिकमधलं जपानचं एकमेव सुवर्ण त्याचंच.

डोळ्यांपुढे आणून पाहा. खाशाबांचा हुकमी डाव होता ढाक. मानेला हात घालून, कंबरेवर घेऊन समोरच्याला फेकायचा. ज्युदोत याच्या अगदी जवळचा डाव आहे कोशी-गुरुमा. म्हणजे त्या चटईवर समोरासमोर उभे असलेले दोन तरुण कदाचित एकमेकांचे डाव अंगानंच ओळखत असणार, नावं ठाऊक नसताना. ती कुस्ती पूर्ण वेळ चालली. खाशाबा थकले होते. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. लगेच सोव्हिएत मल्ल राशिद मामेदबेकोव्हसमोर त्यांना उभं केलं, आणि अंतिम लढत हातची गेली. त्या अर्ध्या तासाचं दुःख मला अजून होतं.

जपानला आपल्याच घरात धक्का बसायचा होता तो पुढे, १९६४ मध्ये. तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आला. तिन्ही वजनगट जपान्यांनी जिंकले. उरला होता वजनाचं बंधन नसलेला खुला गट, तोच खरा मानाचा. अंतिम लढतीत अकिओ कामिनागासमोर साडेसहा फुटांचा डच अँटन हेसिंक. हेसिंकनं त्याला जमिनीवर दाबून धरला आणि सुटू दिलं नाही. घरच्या प्रेक्षागृहात सन्नाटा पसरला. हेसिंकचे देशबांधव आनंदानं चटईवर धावत येऊ लागले, तेव्हा तो अजून कामिनागावरून पुरता उठलाही नव्हता, तरी त्यानं हात वर करून त्यांना तिथेच थांबवलं. आधी हरलेल्याला उठू द्या, वाकून नमस्कार होऊ द्या, मग नाचा. जपान्यांना त्या दिवशी हार मिळाली, पण ज्युदो आता साऱ्या जगाचा झाला आहे हे त्यांना त्या उंचावलेल्या हातात दिसलं असणार.

बायकांना मात्र या घरात जागा मिळायला फार वेळ लागला. ऑलिंपिकमध्ये त्यांचा ज्युदो पदकांसाठी खेळला गेला तो थेट १९९२ मध्ये. कानोच्या त्या पहिल्या हाडवैद्य गुरूची नात केइको फुकुदा १९३५ मध्ये खुद्द कानोच्या बोलावण्यावरून शिकायला आली होती. उंची पाच फुटांहूनही कमी. बायकांना पाचव्या दानच्या वर काळ्या पट्ट्याचा दर्जा द्यायचा नाही, अशी रीत असल्यामुळे ती कित्येक वर्षं तिथेच अडून राहिली. अमेरिकेत जाऊन शिकवत राहिली. २०११ मध्ये, ९८ व्या वर्षी, तिला तिथे दहावा दान मिळाला. हा दर्जा मिळालेली ती जगातली पहिली बाई.

भारतात ज्युदो कुस्तीच्या वाटेनं आलाच नाही, तो कवीच्या वाटेनं आला. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ मध्ये जिन्नोसुके सानो या जपानी शिक्षकाला शांतिनिकेतनात आणलं आणि १९२९ मध्ये शिन्झो ताकागाकीला. मुलींनीही शिकावं असा त्यांचा आग्रह होता. भारतीय ज्युदो महासंघ १९६४ मध्ये झाला आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९६६ मध्ये हैदराबादला भरली. आपल्या नांदेड-लातूरच्या जुन्या माणसांना हैदराबाद काही लांबचं नाही. १९८६ च्या सोल एशियाडमध्ये ज्युदो पहिल्यांदा खेळला गेला आणि भारतानं चार कांस्यपदकं आणली. अलीकडे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमध्ये मणिपूरच्या सुशीला लिक्माबामनं आणि दिल्लीच्या तुलिका मानने रौप्य जिंकलं, विजयकुमार यादवनं कांस्य. त्याच वर्षी मणिपूरचीच पंधरा-सोळा वर्षांची लिंथोई चनंबम कॅडेट गटात जगज्जेती झाली. ज्युदोच्या कोणत्याही वयोगटातलं हे भारताचं पहिलं जागतिक पदक होतं.

लातूर-नांदेडनं मल्ल किती दिले! लातूरचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी, पुढे रुस्तुम-ए-हिंद. ग्रीको-रोमन कुस्तीतले काका पवार लातूरचेच, आणि ग्रीको-रोमनमध्ये पायाला हात लावता येत नाही, सगळं कंबरेच्या वर. म्हणजे ज्युदोला लागणारी अर्धी तयारी तिथेच होते. ज्या भागात पोरं चालायला लागली की झोंबायला लागतात, तिथे ज्युदोचे खेळाडू नक्की घडतील. त्यासाठी लागतात त्या जाड चटया, ज्युदोगी आणि एक पक्का शिकवणारा. दहावीच्या क्रीडागुणांसाठी आणि नोकरीतल्या आरक्षणासाठी मुलं येतात, तर येऊ द्यावीत. एकदा चटईवर आली की खेळ त्यांना धरून ठेवेल.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त थक्क करून गेला तो कपिल परमार. मध्य प्रदेशातल्या सिहोरचा. लहानपणी शेतातल्या पाण्याच्या मोटारीचा जोराचा शॉक बसला आणि हळूहळू दृष्टी गेली. भावाबरोबर चहा विकून दिवस काढले. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये ६० किलो गटात, जवळजवळ काहीच न दिसणाऱ्यांच्या श्रेणीत, ब्राझीलच्या खेळाडूला १०-० नं हरवून त्यानं कांस्य घेतलं. पॅरालिंपिक ज्युदोतलं भारताचं ते पहिलं पदक, आणि लढत अर्ध्या मिनिटाच्या आसपासच संपली. अंधांच्या ज्युदोत एकच मोठा बदल असतो. लढत सुरू होण्याआधीच पंच दोघांना एकमेकांची बाही आणि कॉलर पकडून देतो, आणि पकड सुटली की परत मधोमध आणून पकडून देतो. बाकी सगळे डाव तेच. समोरच्याचा तोल कुठे झुकतोय हे डोळे मिटून, फक्त कापडातून बोटांना कळतं. विचार करा, आपल्याला ढकललं जातंय की ओढलं जातंय, पुढचं पाऊल उजवं पडणार की डावं, हे सगळं कापडाच्या एका चिमटीतून वाचायचं. कानोनं तोल मोडणं आधी आणि टाकणं नंतर का ठेवलं, ते मला या माणसाची लढत पाहून खरं कळलं.

गेल्या वेळाअमावस्येला आम्ही सगळे शेतात होतो. कडब्याची कोप उभी केली होती, आंबील आणि भज्जी झाली होती, आणि संध्याकाळी माळेगावला जायचं ठरत होतं. भाचा पाटाच्या बांधावरून घागर घेऊन येत होता. बांध ओला होता. पाय सटकला आणि तो सरळ मागे गेला. घागर एकीकडे उडाली. आजी ओरडली. पण मी पाहिलं ते असं, की हवेत असतानाच त्याची हनुवटी छातीला टेकली होती, पाठ गोल झाली होती, आणि चिखलात हाताचा एक फट्ट आवाज झाला. पाण्याचे शिंतोडे उडाले. तो क्षणभर तसाच उताणा पडून वर बघत राहिला.

“लागलं का रे लेकरा?” आजी धावत गेली.

“नाही आजी,” तो म्हणाला, आणि पालथी पडलेली घागर उचलून परत पाटाकडे गेला.